जुन्या तिजोरीचं नंबरी कुलूप: फिरवायचं कसं आणि अडतं कुठे

आकडे बरोबर असूनही तिजोरी उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा फेऱ्या मोजण्यात घोळ झालेला असतो. कुलपाच्या पोटात काय चालतं ते एकदा कळलं, की मोजणी चुकत नाही.

बाहेरची तबकडी एका दांड्यावर बसलेली असते आणि दांड्याच्या आतल्या टोकाला फक्त कॅम, म्हणजे कडेला खाच असलेलं एक चाक, पक्का असतो. त्याच्या शेजारी तीन चकत्या मोकळ्या फिरतात, प्रत्येकीच्या कडेला एक खाच. कॅमवरची खुंटी जवळच्या चकतीला ढकलते, ती मधलीला, मधली शेवटचीला. म्हणजे तबकडी एकाच दिशेने फिरवत राहिलं की गाडीच्या डब्यांसारख्या तिन्ही चकत्या एकामागून एक ओढीला लागतात. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की तरफेवरची आडवी पट्टी त्यांत उतरते, तरफेचं नाक कॅमच्या खाचेत अडकतं आणि बोल्ट, म्हणजे कुलपाचा अडसर, मागे ओढला जातो.

समजा आकडे ३५-७२-४८ आहेत. डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

डावीकडे फिरवा. ३५ तीनदा तबकडीबाहेरच्या वरच्या स्थिर खुणेखालून जाऊ द्या, चौथ्यांदा नेमका थांबवा. हा सर्वांत दूरच्या चकतीचा आकडा. मग उजवीकडे: ७२ दोनदा जाऊ द्या, तिसऱ्यांदा थांबा. परत डावीकडे: ४८ एकदा जाऊ द्या, दुसऱ्यांदा थांबा. शेवटी सावकाश उजवीकडे, तबकडी अडेपर्यंत. ती अडली की बोल्ट सरकला, आता मूठ फिरवा.

इथे पूर्ण फेऱ्या मोजायच्या नसतात, आकडा खुणेखाली किती वेळा आला ते मोजायचं असतं. चार चकत्यांच्या कुलपात हीच मोजणी ५-४-३-२ अशी होते. काही जुनी कुलपं मात्र उजवीकडून सुरू होतात, म्हणून डावीकडून जमलं नाही तर सगळ्या दिशा उलटवून पाहा.

उजवीकडे फिरवताना ७२ ऐवजी हात ७० वर गेला, तर तबकडी मागे घेऊन ७२ वर आणण्याचा मोह होतो. खुणेखाली ७२ दिसतोही, पण मागे आला तो फक्त कॅम. मधली चकती ७० वरच बसून राहिली, कारण तिला उलट ढकलायला खुंटीला जवळपास आख्खी फेरी लागते. एखाद्या अंकाची चूक जुनं कुलूप पोटात घालतं, दोन अंकांची घालेलच असं नाही. सरळ पहिल्यापासून सुरू करा.

तबकडीभोवती दोन खुणा असतील, तर उघडण्यासाठी वरची, बाराच्या जागेवरची धरा. तिच्या डावीकडची दुसरी खूण आकडे बदलण्यासाठी असते.

मोजणी चोख असूनही अडलं, तर आधी मूठ बंद होण्याच्या दिशेला दाबून धरा आणि पुन्हा आकडे लावा. दार अडवून धरणाऱ्या, मुठीने सरकणाऱ्या दांड्यांचा भार बोल्टवर आला की तो हलत नाही. मग तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून पाहा, नंतर एकेक वजा करून. दांड्यावर तबकडी किंचित सरकली असेल तर तिन्ही आकडे सारख्याच अंतराने चुकतात.

फटीतून तेल मात्र फवारू नका. जुनं ग्रीस घट्ट झालं की चकत्या एकमेकींना चिकटून, खुंटीची वाट न पाहता ओढल्या जातात, आणि तेलाने धूळ धरून तो चिकटा वाढतो. कुलूप खोलून ग्रीस पुसून काढणं हाच इलाज.

आकडे बदलायच्या चावीचं कुलूप अमेरिकेत जेम्स सार्जंट यांनी १८५७ मध्ये आणलं. त्याआधीच्या धाटणीच्या कुलपांत चकत्या काढून हातानेच जुळवाव्या लागतात. कोणत्याही पद्धतीने आकडे बदलले, तरी दार उघडं ठेवून नवे आकडे किमान तीनदा लावून पाहा. तिन्ही वेळा बोल्ट निमूट सरकला तरच दार लोटा.

आणि बंद केल्यावर तबकडी एकाच दिशेने निदान चार फेरे फिरवा. नुसतं थोडं हलवून सोडलं तर लांबच्या चकत्या उघडण्याच्या जागीच राहतात.