गायनॅक झालात, अटॅचमेंटही मिळाली, पण तिथे काय काय करू देणार?

पुण्या-मुंबईत नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या ज्युनियर्सचे फोन येतात ना, त्यात "मॅडम, अटॅचमेंट कुठे मिळेल" हा प्रश्न ठरलेला, म्हणजे कुठल्या हॉस्पिटलात आपले पेशंट नेऊन ऑपरेट करता येतील. मी उलट विचारते, मिळाली समज, तिथे तुला कुठली ऑपरेशन्स करू देणार हे विचारलंस का? तर पलीकडे शांतता.

एमएस असो नाहीतर डीएनबी, नुसती डिग्री आहे म्हणून एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) असलेल्या हॉस्पिटलात सगळं करायला मिळत नाही. कुठल्या डॉक्टरने काय करायचं हे हॉस्पिटलने लेखी ठरवायचं असा त्यांचा नियम आहे, म्हणून जॉइन होताना हातात प्रिव्हिलेजेसचा, म्हणजे काय काय करायची परवानगी हवी त्याचा, एक लांबलचक फॉर्म येतो. नॉर्मल डिलिव्हरी, सिझर, क्युरेटिंग हे सहसा सगळ्यांना मिळतं. खरी गंमत पुढे, फोर्सेप्स, व्हजायनल हिस्टरेक्टॉमी (योनीमार्गे गर्भाशय काढणं), ऑपरेटिव्ह हिस्टरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण घालून ऑपरेशन), टीएलएच (पोटातून दुर्बिणीने गर्भाशय काढणं) असं एकेक वेगळं लिहिलेलं असतं आणि प्रत्येकापुढे स्वतंत्रपणे करणार की सिनियरच्या देखरेखीखाली ते भरायचं.

सगळीकडे टिक मारून मोकळं व्हावंसं वाटतं, मारू नका. एकतर हा फॉर्म तपासणाऱ्या कमिटीतले सर लगेच विचारतात किती केल्यात, आणि उद्या एखाद्या टीएलएचमध्ये युरेटरला (मूत्रनलिकेला) इजा झाली तर समोरचा वकील आधी हाच कागद मागणार. पण पीपीएचचं (डिलिव्हरीनंतरच्या अतिरक्तस्रावाचं) मात्र काही सोडू नका, बी-लिंच, युटेराइन आर्टरी लायगेशन, ऑब्स्टेट्रिक हिस्टरेक्टॉमी अशी रक्तस्राव थांबवायची ऑपरेशन्स, जेवढं शिकलात तेवढं सगळं लिहा. रात्री तीन वाजता पेशंट ब्लीड होत असताना कोणी फॉर्म बघत बसत नाही हे खरं, जीव वाचवायला जे करावं लागतं ते करायची तरतूद बहुतेक ठिकाणी असते, पण नंतर ऑडिटला बसायची वेळ आली की कागदावर असलेलं बरं.

आणि कमिटी बघते काय, तर लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही. रेसिडेन्सीत आपण ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागरणं करून भरतो, इथे तसलं चालत नाही. तारीख, आयपीडी म्हणजे अ‍ॅडमिशनचा नंबर (पेशंटचं नाव नको), तुम्ही प्रायमरी सर्जन होता की असिस्ट केलं, कॉम्प्लिकेशन काय झालं, एवढं तरी हवं. एचओडींची (विभागप्रमुखांची) सही कॉलेज सोडायच्या आधीच घ्या, एकदा त्यांची बदली झाली की मागे फिरत बसावं लागतं. बाँडला (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेला) उपजिल्हा रुग्णालय मिळालं म्हणून रडणाऱ्यांना मी सांगते, अगं तिथे सिझर आणि टीएल (नसबंदी) स्वतःच्या हाताने करायला मिळतात, त्याचीही नोंद ठेव आणि निघताना मेडिकल सुपरिटेंडेंटच्या सहीचं पत्र घे, पुढे फार कामाला येतं.

देखरेखीखाली मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका, लॅपमध्ये (दुर्बिणीच्या ऑपरेशन्समध्ये) नव्या माणसाला बहुतेक तसंच मिळतं. फक्त आधीच विचारा की किती केसेसनंतर स्वतंत्र करणार, बघायला कोण उभं राहणार आणि त्यांची फी कोण देणार. एका हॉस्पिटलात सिनियर सर दर वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे, का ते पुढे कळलंच, पेशंट त्यांच्याच नावावर लागत होते. त्यामुळे आकडा लेखी घ्या.

बाकी कागद नेहमीचेच. एमएमसीत (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये) पीजी डिग्री अ‍ॅडिशनल म्हणून नोंदवलेली हवी, रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू होतं आणि त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात. इंडेम्निटी पॉलिसीमध्ये (पेशंटने दावा लावला तर कामाला येणारा विमा) खंड पडू देऊ नका, रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट जाते, म्हणजे जुन्या केसेसचं संरक्षण जातं.

काही गोष्टी मात्र हॉस्पिटलच्या हातातच नसतात. सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखाली) त्या सेंटरच्या रजिस्ट्रेशनवर तुमचं नाव चढावं लागतं आणि एका जिल्ह्यात जास्तीत जास्त २ सेंटरवरच चढवता येतं. म्हणजे पहिल्या वर्षीच दोन छोट्या ठिकाणी नाव देऊन बसलात तर मोठ्या हॉस्पिटलला काय सांगणार? "मॅडम तुम्ही प्रोब लावा, नाव नंतर टाकू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, फॉर्म एफवरच्या (गरोदर पेशंटच्या सोनोग्राफीच्या नोंदीच्या फॉर्मवरच्या) साध्या चुकांपायी लोकांची मशिन्स सील झालीत, इथे तर नावच नाही. एमटीपीचंही (कायदेशीर गर्भपाताचंही) तसंच, तुम्ही क्वालिफाइड असलात तरी ती जागा मान्यताप्राप्त हवी, सर्टिफिकेट डोळ्याने बघा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, दुसरं मत कोण देणार तेही विचारून ठेवा.

छोट्या नर्सिंग होममध्ये असला फॉर्म वगैरे सहसा नसतो, मालक सर म्हणतात "या की, आपलंच आहे". छान आहे, पण रात्री अ‍ॅनेस्थेटिस्ट किती वेळात येतो, रक्त कुठून येतं, बाळ बघायला कोण, हे कळल्याशिवाय हाय रिस्क पेशंट तिथे ठेवू नका. आणि फी कशी, कधी मिळणार याचं एक साधं पत्र मागा, मागताना अवघडल्यासारखं होतं पण मागा.

शेवटचं म्हणजे कव्हर. गावाला जाताना आपण मैत्रिणीला "माझी एक ड्यू आहे, बघशील ना" म्हणून निघतो. तिचे त्या हॉस्पिटलात प्रिव्हिलेजेस नसतील तर ऐनवेळी तिला ओटीत घेणार नाहीत आणि तुमची पेशंट ऑन ड्यूटी जो असेल त्याच्याकडे जाईल. त्यामुळे दोघींनी फॉर्म बरोबरच भरा, पुष्कळ ठिकाणी कमिटी लवकर बसत नाही.