निशिगंध आणला, पण ठेवायचा कशात?

बाजारातून निशिगंधाच्या काड्या आणल्या की आधी त्यांची उंची बघा, मग भांडं शोधा. काडी दोन फुटांची असेल तर भांडं साधारण एक फुटाचं हवं, आणि बूड जड हवं, नाहीतर पंखा लावला की सगळं आडवं होतं आणि पाणी टेबलभर! काचेची बरणी मला सगळ्यात आवडते, कारण पाणी गढूळ झालेलं लगेच दिसतं आणि आपण ते बदलतो.

तोंड रुंद असेल तर काड्या चहूकडे पसरतात, मग तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीची आडवी-उभी जाळी करायची, एकेक काडी एकेका चौकोनात, मस्त उभी राहते. जरबेराचं मात्र वेगळं आहे हं, त्याचा दांडा मऊ, लवकर कुजतो, म्हणून पाणी दोनच इंच ठेवा.

चाफा, झेंडू, देठ तुटलेला गुलाब यांना उंच भांडं नकोच, आजीचं पितळी घंगाळ काढा आणि पाण्यावर तरंगत सोडा, दारात इतकं सुंदर दिसतं ना!

आणि बाटली घेताना आत ब्रश जातो का ते नक्की बघा, आतला बुळबुळीत थर निघाला नाही तर ताजी फुलंपण लवकर माना टाकतात.