जुनापाणीची दगडी वर्तुळं बघायची कशी (आणि उरलेल्या दिवसात रामटेक)

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे, म्हणजे त्या उभ्या दगडांच्या वर्तुळाचे, फोटो बघून बघून आपल्याला वाटतं असलं काही बघायचं तर व्हिसाच लागतो, पण नागपूरहून काटोल रोडने १०-१२ किलोमीटर गेलं की जुनापाणीला साधारण ३०० शिळावर्तुळं पडलेली आहेत आणि अर्ध्या नागपूरला पत्ता नाही. मी पण नागपूरचाच, पहिल्यांदा गेलो तेव्हा नोकरीला लागून दहा वर्षं झाली होती, हसू नका.

आधीच सांगतो, स्टोनहेंज डोक्यात ठेवून गेलात तर पाच मिनिटांत परत याल. तिथले दगड उभे आहेत, इथले म्हणजे जमिनीत रुतलेले काळ्या बेसाल्टचे धोंडे, गोल मांडलेले, मधली जमीन जराशी फुगीर. ही थडगी आहेत बावा, लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. आत मातीचा नि गोट्यांचा भराव, त्यात लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी भांडी असं सापडलंय. याच बाजूला माहूरझरीला तर घोडा पुरलेला मिळाला, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेला! १८७९ साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीवर लिहिलं आणि त्याने खणून काढलेल्या काही वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, म्हणजे त्या बघायला मात्र व्हिसा लागतोच.

कधी जायचं ते नीट ऐका कारण सगळी गंमत त्यातच आहे. मी सप्टेंबरमध्ये गेलो होतो, गवत कमरेएवढं, एका धोंड्याला ठेच लागली तेव्हा कळलं की आपण वर्तुळातच उभे आहोत. डिसेंबर-जानेवारीत जा. गवत वाळून खाली बसलेलं असतं, फक्त कुसळं मोज्यात घुसतात, फुलपँट आणि बूट घाला. मे महिन्याचं नावच काढू नका, ४५ डिग्रीत तापलेल्या दगडावर हात टेकवून बघा मग समजेल.

आणि सकाळी सात-साडेसातला तिथे पोचाच. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेत, दुपारी ऊन डोक्यावर आलं की ते दिसतच नाहीत, सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि अख्खी ओळ उठून दिसते. उशीर झाला तर मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा मारा. खडूने रेघोट्या मारून फोटो काढायची आयडिया मात्र नको, साइट संरक्षित आहे, नुकसान केलं तर जेलसुद्धा होते. फोनमधला कंपास उघडून खळगेवाले दगड वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत ते बघत फिरा, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या लोकांनीही याच दिशा मोजून आकाशाशी काही नातं लागतं का ते तपासलंय. सगळी वर्तुळं मोजत बसू नका, पाच-सहा नीट बघा, एकेकाला बाहेरून पूर्ण फेरी मारा.

पाणी, चहा, खाणं सोबत घ्या, तिथे कुणी टपरी टाकून बसलेलं असेल या भरवशावर राहू नका.

साडेदहा-अकरापर्यंत ऊन चढतं, मग निघा आणि जबलपूर रोड पकडून मनसरहून रामटेक. नागपूरपासून ५० एक किलोमीटर. वनवासात राम इथे टेकले म्हणून रामटेक असं काही सांगतात, काही म्हणतात टेक म्हणजे प्रतिज्ञा, राक्षसांचा नाश करीन अशी रामाने ऋषींपुढे केलेली. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, म्हणजे शिक्षा भोगणारा तो यक्ष इथूनच ढगाला निरोप सांगत होता. गर्दी वरच्या राममंदिराकडे पळते, तुम्ही आधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह बघा, वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली देवळं, लोक सरळ पुढून निघून जातात. यक्षाचा फील पाहिजे असेल तर मात्र आषाढात परत यावं लागेल, तेव्हा जुनापाणी गवतात बुडालेलं असतं, एका ट्रिपमध्ये दोन्ही जमत नाही. प्रसादाची पिशवी हातात लटकवू नका, बॅगेत टाका, माकडं डायरेक्ट हातातून नेतात.