जुना बँड पुन्हा जमवून नवी गाणी करायची असतील तर

बंद पडलेला बँड बऱ्याच वर्षांनी पुन्हा उभा राहतो तेव्हा ऐकणाऱ्यांना जुनी गाणी हवी असतात आणि आयोजकांनाही तीच हवी असतात. त्यामुळे नवं काहीही न करता वर्षं काढता येतात. पिक्सीज २००४ मध्ये परत आले, पण नवा अल्बम यायला २०१४ उजाडलं. तोवर बेस वाजवणारी किम डील बँड सोडून गेली होती. याउलट डायनासोर ज्युनियरचे मूळ तिघे २००५ मध्ये एकत्र आले, २००७ मध्ये 'बियाँड' काढला आणि २०२१ पर्यंत आणखी चार अल्बम केले. बँड आधी ज्या कारणाने मोडला ते कारण दुरुस्त केल्याशिवाय नवी गाणी टिकत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आधी कागद, मग वाद्यं

प्रत्येकाने स्वतंत्रपणे, एकमेकांना न दाखवता, तीन गोष्टी लिहाव्यात: बँड का थांबला, आता महिन्याला किती तास देता येतील, आणि या वेळी काय मिळालं तर समाधान होईल. मग एकत्र बसून वाचावं. तासांच्या बाबतीत सर्वांत कमी आकडा ज्याचा, तोच बँडचा आकडा धरायचा. एकाचे आठ तास आणि दुसऱ्याचे तीस तास असताना मध्ये वीस ठरवले, तर तिसऱ्या महिन्यात आठ तासवाला गुन्हेगार ठरतो.

भांडण 'माझी गाणी घेतच नव्हते' याचं असेल तर समजूत काढून भागत नाही, गाण्यांचा कोटा ठरवावा लागतो. डायनासोर ज्युनियरमधून बेसिस्ट लू बारलोला १९८९ मध्ये बाहेर काढलं होतं. परतल्यावरच्या पाचही अल्बमांवर त्याची दोन-दोन गाणी आहेत, बाकीची गिटारिस्ट-गायक जे मॅस्किस याची. मुख्य लिहिणारा मॅस्किसच राहिला आणि दुसऱ्यालाही आपली हक्काची जागा मिळाली. ही व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे: सहा गाण्यांवर एक, दहावर दोन, आणि ती कोणती हे लिहिणाऱ्याने ठरवायचं.

हक्कांचं वेगळं पान करा. गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगवरचा प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे आज हसतहसत सोडून दिलेला वाटा तुमच्या नातवंडांपर्यंत पोचतो. बँडमध्ये चाल एकाने आणली आणि ठेका, बेसची ओळ, मधला तुकडा बाकीच्यांनी बसवला, असंच बहुतेक वेळा होतं. त्यामुळे साधा नियम बरा पडतो: निम्मा वाटा शब्द लिहिणाऱ्याचा, निम्मा चालीचा, आणि गाणं बसवताना खोलीत असलेल्या सगळ्यांचा चालीत समान हिस्सा. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं या टक्केवारीसह नोंदवावं. बँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून कोणाच्या नावे आहे तेही तपासा. ट्रेडमार्कच्या नोंदणीत कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, रेकॉर्डिंगसाठी वर्ग ९. जुन्या सभासदाने ते एकट्याच्या नावावर केलेलं असेल, तर हा विषय पहिल्या पोस्टरच्या आधी मिटवायला हवा.

सगळे जुने लोक परत येतीलच असं नाही. मुंबईचा रॉक मशीन १९८४ मध्ये सुरू झाला, १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड हे नाव घेतलं आणि १९९७ मध्ये तो थांबला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया परतले ते बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी यांना घेऊन, आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' हा नवा अल्बम आला. नवा ड्रमर घेतलात तर पहिल्या दिवशी त्याला जुन्या टेप्स पाठ करायला लावू नका. आधी दोन नवी गाणी त्याच्याबरोबर बसवा. जुनी पाठ करून आलेला वादक बराच काळ बदली खेळाडूसारखाच वाजवतो, विचारल्याशिवाय काही सुचवत नाही.

कान

हा विभाग कोणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. बॉस्टनचा मिशन ऑफ बर्मा १९८३ मध्ये थांबला तो गिटारिस्ट रॉजर मिलरच्या कानांत सतत आवाज घुमू लागल्यामुळे. २००२ मध्ये ते परतले तेव्हा मिलर गोळीबाराच्या मैदानावर वापरतात तशी कानझाकणी लावून वाजवत होता आणि ड्रम्सपुढे पारदर्शक पडदा होता. कारणाचा असा बंदोबस्त झाल्यावर त्यांनी २००४ ते २०१२ मध्ये चार नवे अल्बम केले.

हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त १५ मिनिटं. लहान खोलीत ड्रम्स आणि गिटारचे दोन अँप (अँप्लिफायर) चालू असले की १०० डेसिबल सहज होतात. सगळ्या स्वरांना सारखं कमी करणारे १५ डेसिबलचे वादकांचे इअरप्लग घातले की १०० चे ८५ होतात आणि तीन तासांचा सराव निभतो. फोमचे साधे बोळे उंच स्वर जास्त कापतात, झांजा आणि गाण्यातली व्यंजनं बुजतात, मग जो तो आवाज वाढवतो. अँप जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीवर, वाजवणाऱ्याकडे तिरपा ठेवा. गुडघ्यांकडे वाजणारा अँप गिटारिस्टला ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवतो, आणि बाकीचे सोसतात.

पट्टी आणि तारा

पंचविशीतली पट्टी पन्नाशीत तशीच झेपेल हा हट्ट धरू नये. तपासणी सोपी आहे. तासभर गायल्यानंतर गाण्यातली सर्वांत उंच ओळ लागोपाठ पाच वेळा म्हणायची. पाचवी पहिलीइतकी मोकळी आली नाही, तर अर्धा सूर उतरा. मग पुन्हा तीच परीक्षा. एका गाण्यासाठी वेगळी पट्टी ठेवण्यापेक्षा गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा अर्धा किंवा एक सूर खाली लावणं चांगलं, कारण बोटांच्या जागा तशाच राहतात आणि मोकळ्या तारांवर बेतलेले तुकडे मोडत नाहीत.

तारा खाली उतरवल्या की त्या सैल पडतात, खरखरतात आणि जोरात छेडल्यावर सूर वर पळतो. गिटारला ०.००९ चा संच (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) वापरत असाल तर अर्ध्या सुरासाठी ०.०१०, पूर्ण सुरासाठी ०.०११ चा घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाचा, तारा ज्यावरून जातात तो तुकडा) खाचेत अडकते का ते पाहा. ट्यून करताना 'टिक' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर खाच रुंद करून घ्यावी लागेल. नेकचा (मानेचा) बाक आणि ब्रिजवरचं इंटोनेशनही (वरच्या घरांतही सूर बरोबर लागणं) नव्याने जुळवावं लागतं. कीबोर्डचं काम ट्रान्सपोजच्या बटणाने होतं, पण आधीच मुद्रित केलेले लूप आणि सॅम्पल आठवणीने उतरवायला हवेत. पहिल्या कार्यक्रमात नेमके तेच राहून जातात.

जुन्या कॅसेटमधली अर्धवट गाणी

प्रत्येक बँडकडे न संपलेली गाणी पडून असतात आणि नव्या कामाचा तो उत्तम पूल आहे. मिशन ऑफ बर्माच्या परतीच्या 'ऑनऑफऑन' या अल्बममध्ये पहिल्या काळातली काही गाणी नव्यांच्या बरोबरीने आहेत. मात्र अशी गाणी एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका, नाहीतर रेकॉर्ड जुन्या वहीतून उतरवल्यासारखं वाटतं.

मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, डेकचं हेड (फीत वाचणारा भाग) खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. फीत स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा. आवाज दबलेला आला तर डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत डेकच्या हेडचा स्क्रू अगदी हळू फिरवा, झांजा सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर उतरवून घ्या. चकतीवरच्या चिकट झालेल्या मोठ्या टेप्स सुमारे ५४ अंशांवर कित्येक तास भाजून एकदा वाजवण्याजोग्या करता येतात, पण ते काम त्यातल्याच माणसाचं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. आणि कॅसेटवरून पट्टी ठरवताना जपा: डेक थोडं जलद फिरत असेल तर अर्धा सूर चढा ऐकू येतो.

खोलीत काय करायचं

पहिल्या सरावात तीन जुनी गाणी, वीस मिनिटं. हात एकमेकांना ओळखतात, कोण ठेका पुढे ओढतो आणि कोण मागे राहतो ते लगेच कळतं. त्यानंतर जुनं बंद. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आणलेला एकेक तुकडा, दर तुकड्याला २५ मिनिटं, सगळं रेकॉर्ड. घरून पूर्ण सजवून आणलेला डेमो नको. त्यात बाकीच्यांना शिरायला जागाच उरत नाही आणि सगळे फक्त नक्कल करतात. मुखडा आणि एक अंतरा पुरे.

वायर या इंग्लिश बँडने १९८० च्या दशकात परतल्यावर जुनी गाणी वाजवायला नकार दिला, आणि १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात 'पिंक फ्लॅग' हा आपला जुना अल्बम वाजवायला दुसराच बँड आपल्या आधी उभा केला. इतकं टोक गाठायची गरज नसते, पण नव्या गाण्यांसाठी राखीव वेळ मात्र तितक्याच कडकपणे सांभाळावा.

मुदत आखूड ठेवा. २०१३ मध्ये जपानमधला एक महोत्सव रद्द झाला आणि ब्लर हा इंग्लिश बँड हाँगकाँगमध्ये अडकला. तिथल्या स्टुडिओत त्यांनी पाच दिवस वाजवलं. ते तुकडे पडून होते. पुढे त्यांचा गिटारिस्ट ग्रॅहम कॉक्सनने निर्माता स्टीफन स्ट्रीटबरोबर त्यांना आकार दिला आणि २०१५ मध्ये 'द मॅजिक व्हिप' आला. यातून घ्यायची रीत अशी: सलग चार-पाच दिवस, अल्बमची घोषणा न करता, आणि नंतर निवडण्याचं काम बँडमधल्या एकाकडे आणि बाहेरच्या एकाकडे. निवडायला सगळेच बसले की प्रत्येक जण आपला तुकडा वाचवतो.

रेकॉर्डिंग आणि पैसा

पहिल्याच फेरीत दहा गाण्यांचा अल्बम धरू नका, चार-पाच गाण्यांचा ईपी करा. वायरनेही २००३ च्या 'सेंड' आधी २००२ मध्ये 'रीड अँड बर्न' चे ईपी काढले होते. पाच गाण्यांसाठी दोन दिवस: पहिल्या दिवशी मांडणी, ड्रम्सचा आवाज आणि दोन गाणी, दुसऱ्या दिवशी तीन. ड्रम्स, बेस आणि एक गिटार एकाच वेळी वाजवून घ्या. क्लिकवर (हेडफोनमधल्या ठोक्यांवर) एकेकाने वेगळं वाजवलं की जुन्या साथीदारांची एकमेकांत मुरलेली लय निघून जाते, आणि एकत्र येण्याचं खरं भांडवल तेच आहे. एका गाण्याचे तीन टेक घ्या. चौथ्यालाही जमलं नाही तर गाणं बदला आणि जेवणानंतर परत या. गायन वेगळ्या दिवशी. मिक्सिंगला गाण्यामागे एक दिवस.

खर्चासाठी स्वान्स या अमेरिकन बँडचा मार्ग लहान बँडलाही परवडतो. त्याचा प्रमुख मायकल गिराने २०१० मध्ये नव्या अल्बमच्या खर्चासाठी डेमोंची एक हजार प्रतींची हाताने केलेली आवृत्ती विकली. तुमच्याकडे शंभर चाहते असतील तर शंभर क्रमांकित प्रती करा, आत जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं एक अप्रकाशित गाणं घाला, आणि आलेला पैसा थेट स्टुडिओच्या खात्यात वळवा.

मिक्सिंगच्या आधी एक लहान कार्यक्रम जरूर करा. दोन जुनी, मग एक नवं, अशा क्रमाने वाजवा. तीन नवी सलग आली की लोक चहाला उठतात. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या टेकशेजारी लावून ऐका. मंचावर तुम्ही नकळत एखादा अंतरा गाळला असेल किंवा शेवट लवकर केला असेल, तर स्टुडिओतल्या टेकमध्येही कात्री तिथेच चालवा.