कुरळ्या हेअर एक्स्टेन्शनचा चिकट गुंता कसा सुटला

माझी खऱ्या केसांची क्लिपची कुरळी एक्स्टेन्शन तिसऱ्या धुण्यानंतर टोकांना राठ, मानेजवळ चिकट आणि गुंतलेली होऊ लागली. खोबरेल तेलाने ती अधिकच जड झाली, तर सीरमची चमक जेमतेम एक दिवस टिकली. दुसरा संच विकत घेण्यापर्यंत मी वैतागले होते.

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत टँकरचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी येते आणि सीरमच्या बाटलीवर पहिल्याच ओळीत डायमेथिकोन हे सिलिकॉन होते. ते नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यातच टाळूचे नैसर्गिक तेल या केसांना मिळत नसल्याने वरून थर आणि आतून कोरडेपणा, असे दोन्ही एकदम झाले होते.

प्रथम कोरड्या केसांचा गुंता रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवला. मग डायसोडियम ईडीटीए (पाण्यातले क्षार बांधून ठेवणारा घटक) असलेला क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू कोमट पाण्यात कालवून, न चोळता, वरून खाली एकदाच फिरवला. त्यानंतर सिलिकॉनविरहित कंडिशनर क्लिपची शिवण सोडून मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावला, 5 मिनिटांनी फिल्टरच्या पाण्याने धुतला आणि ओल्या केसांना थोडे लीव्ह-इन (न धुता तसेच ठेवायचे) क्रीम लावून, जुन्या सुती टी-शर्टने टिपून, ती सावलीत वाळत टाकली.

कुरळेपणा त्याच दिवशी परतला. एरवी मी सल्फेटविरहित शाम्पू वापरते. क्लॅरिफायिंग शाम्पू मात्र चिकटपणा जाणवला तरच, कारण तो वारंवार वापरल्यास केस पुन्हा राठ होतात.