जांबोटी-कणकुंबीकडं कॅम्पवर राहून फोटोग्राफी करायची असेल तर

बेळगाव-खानापूरकडची बरीच पोरं विचारतात की जंगल कॅम्पवर नोकरी धरली तर फोटोग्राफी शिकता येते काय. येते की. पण नोकरी फोटोग्राफरची नसते हे आधी डोक्यात घ्या. गेस्टच्या बॅगा उचलायच्या, टेंट लावायचे, ट्रेकला माणसं मोजून न्यायची आणि मोजूनच परत आणायची, जनरेटर बंद पडला की शिव्या खायच्या, आणि यातनं जो वेळ उरेल तो कॅमेऱ्याचा. पगार बेताचाच असतो, राहणं-जेवण सुटतं एवढंच. तरी मी म्हणेन करा, कारण पुण्या-मुंबईचा माणूस दीड लाखाची लेन्स घेऊन दोन दिवस येतो आणि तुम्ही तिथंच असता.

पहिलं काम म्हणजे सकाळची ड्युटी मागून घ्या. कुणालाच नको असते ती, पहाटे उठून चहा ठेवायचा असतो ना. पण पातेलं गॅसवर चढवून बाहेर आलं की उजेड फुटतच असतो आणि शीळकरी कस्तूर हा पक्षी ओढ्याकाठी शीळ घालत बसलेला असतो. गेस्ट उठेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास तुमचा. शनिवार-रविवारी फोटोचं नावच काढू नका, सोमवार-मंगळवारी कॅम्प रिकामा असतो तेव्हा सुट्टी घ्या आणि बेळगावला घरी न पळता तिथंच थांबा.

वाघ-बिबट्या डोक्यातनं काढून टाका. गवा दिसेल, पण गवा दिसला की आधी लांब व्हायचं, फोटो नंतर, आणि एकटा नर असेल तर फोटो नाहीच काढला तरी चालेल. त्यापेक्षा कॅम्पच्या आसपासची झाडं पाठ करा. वड, उंबर फळाला आलं की धनेश (मोठ्या चोचीचा हॉर्नबिल), हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, शेकरू सगळे तिथंच येतात, तुम्हाला फिरायचीच गरज नाही. उन्हाळ्यात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरनं फळं आणून भरवतो, ती ढोली सापडली तर लांबनं बघा आणि गेस्टला अजिबात सांगू नका. एकदा दहा माणसं खाली उभी राहिली की नर फळ तोंडात धरून पलीकडच्या झाडावर तसाच ताटकळतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचा प्रकार तर माझ्या डोक्यातच जातो.

खरी मजा पावसात, आणि नेमका तेव्हाच निम्मा स्टाफ पळून जातो. मलबारी चापडा हा साप हिरवा, तपकिरी, पिवळा अशा बऱ्याच रंगात दिसतो आणि एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतो, म्हणजे आज फोटो बिघडला तर उद्या परत जाता येतं (विषारी आहे, काठीनं हलवून पोज घ्यायला लावणारे हिरो बघितलेत मी). पाण्यावर झुकलेल्या पानांना पांढरा फेस चिकटलेला दिसला तर ते उडत्या बेडकाचं घरटं समजा, पिल्लं त्यातनं खाली पाण्यात पडतात. रात्री यांचे फोटो काढताना फ्लॅश डायरेक्ट मारला तर ओल्या अंगावर नुसते पांढरे ठिपके येतात, पार्सलमध्ये येतो तो पांढरा फोमचा कागद फ्लॅशपुढं चिकटवा, काम होतं. आणि साप-बेडकाचा फोटो टाकताना लोकेशन टाकू नका.

लेन्सला बुरशी लागणार हे धरूनच चला. बॅगेत कॅमेरा ठेवला की संपलं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात निळी सिलिका जेल टाका, ती गुलाबी झाली की ओल पिऊन भरली असं समजायचं, मंद आचेवर तापवली की परत निळी होते. पण भांडं वेगळं ठेवा हं, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, भाकरीचा तवा वापरलात तर आचारी मारेल आणि बरोबरच करेल. लेन्स ७०-३०० मिमीची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, पुरते सुरुवातीला.

देखाव्याचं बोलायचं तर मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, आणि म्हादई तिथनं फार लांब नाही उगवत पण पश्चिमेला गोव्यात उतरते. हे भूगोलाच्या मार्कासाठी सांगत नाही. चोर्ला घाटाच्या बाजूला कडा एकदम तुटतो, गोव्याकडनं धुकं वर चढतं आणि पावसात तासन्‌तास काही दिसत नाही, मग दोन मिनिटं पडदा बाजूला होतो. तेव्हा ट्रायपॉड उभा असायला पाहिजे, बॅगेत नको.

इथलंच भीमगडचं रान २०११ पासनं अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात फोटो काढायला जायचं तरी परवाना लागतो, त्यामुळं "आपल्याच गावचं रान आहे" म्हणून घुसू नका. तिथल्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, गेस्ट नेमके तिकडंच न्या म्हणतात, सरळ नाही म्हणायचं. ड्रोनचंही तेच. गार्ड लोकांशी ओळख ठेवा, थोडं कन्नड येत असेल तर गप्पा लवकर जमतात, आणि कुठलं झाड फळाला आलंय ते त्यांना आपल्या आधी कळतं.

नोकरीला जाताना मालकाला दोनच गोष्टी स्पष्ट विचारा: आठवड्याची सुट्टी पक्की आहे काय, आणि तुमचे फोटो कॅम्पच्या जाहिरातीला वापरले तर नाव टाकणार काय. जागा बघायच्या तर मे संपता संपता फोन लावा, तेव्हा माणसं लागतात. गमबूट मात्र घरनंच न्या, कॅम्पवरचे कुणाचेतरी भोकं पडलेले असतात आणि जळवा तिथनंच आत शिरतात.