तिसऱ्या सीझनआधीचे सहा तास

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही एंटरप्राइझ या अंतराळजहाजावर घडणारी अमेरिकी मालिका तिसऱ्या सीझनपासून सुधारते, हे या मालिकेच्या कुठल्याही चाहत्याकडून ऐकायला मिळतं. नवा प्रेक्षक त्यावरून दोनपैकी एक चूक करतो. काही जण प्रामाणिकपणे पहिल्या भागापासून सुरुवात करतात आणि 'कोड ऑफ ऑनर'पाशी कंटाळून सोडून देतात. बाकीचे थेट तिसऱ्या सीझनवर उडी मारतात आणि 'बरी आहे की, पण एवढं काय' म्हणून खांदे उडवतात. दुसऱ्यांचं नुकसान जास्त होतं, कारण तिसऱ्या सीझनमधले सगळ्यात जोरदार भाग आधीच्या दोन सीझनमधल्या ठरावीक भागांवर उभे आहेत. ते सात भाग पाहिले की पुरतं. 'एनकाउंटर ॲट फारपॉइंट' दीड तासाचा आणि उरलेले सहा प्रत्येकी साधारण पाऊण तासाचे, म्हणजे सहा तास झाले. एक शनिवार-रविवार त्याला पुष्कळ झाला.

भाग शोधताना क्रमांकावर जाऊ नका, नावावर जा. 'फारपॉइंट' कुठे एक भाग मोजतात, कुठे दोन. त्यामुळे पहिल्या सीझनमध्ये पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात आणि भलताच भाग लागतो.

आधी टीव्ही नीट करा. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण स्पेशल इफेक्ट आणि संकलन व्हिडिओ टेपवर झालं. म्हणून जुन्या डीव्हीडीवर चित्र धुरकट दिसतं. २०१२ ते २०१४ या काळात मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सातही सीझन नव्याने जोडले गेले. तीच आवृत्ती बघा. ओळखायची खूण सोपी आहे: ब्रिजवरच्या, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षातल्या, काळ्या पॅनेलवरची अक्षरं वाचता आली तर नवी, नुसते रंगीत पट्टे दिसले तर जुनी. मूळ चित्र ४:३ चं असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला 'झूम' केलंत तर कपाळं आणि हनुवट्या कापल्या जातात, 'स्ट्रेच' केलंत तर जहाज चेपल्यासारखं दिसतं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असलं की चोवीस फ्रेमचं चित्र गुळगुळीत होतं आणि प्लायवुडचा सेट प्लायवुडचाच दिसू लागतो. इंग्रजी सबटायटल ठेवा. यंत्रांच्या बडबडीतला प्रत्येक शब्द कळण्याची गरज नाही, पण नावं कानावर नीट बसली पाहिजेत.

आता ते सात भाग, याच क्रमाने.

'एनकाउंटर ॲट फारपॉइंट' (सप्टेंबर १९८७) ओळखीपुरता. तो लांबलेला वाटतो आणि त्याला कारण आहे: डी. सी. फाँटाना यांच्या मूळ कथेत क्यू या सर्वशक्तिमान परग्रहवासीने माणसांवर चालवलेला खटला नव्हता. भाग दोन तासांच्या प्रसारणाला पुरावा म्हणून मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी तो जोडला. गंमत अशी की लक्षात राहतो तो खटलाच. 'हार्ट ऑफ ग्लोरी' जहाजावरच्या वर्फ या क्लिंगन अधिकाऱ्यासाठी. लढवय्या क्लिंगन वंशातला माणूस स्टारफ्लीट या अंतराळदलाच्या गणवेशात नेमका किती क्लिंगन उरतो, हा प्रश्न पहिल्यांदा इथे नीट विचारला जातो. 'स्किन ऑफ ईव्हिल' हा भाग म्हणून सामान्यच, पण सुरक्षा अधिकारी ताशा यारसाठी तो पाहिलाच पाहिजे. का, ते इथे सांगत नाही आणि तुम्हीही शोधू नका. 'द न्यूट्रल झोन'मध्ये गोठवून ठेवलेल्या जुन्या माणसांचं कथानक चालू असताना चहा करायला उठलात तरी चालेल. लक्ष द्यायचं ते सीमेवरच्या नाहीशा झालेल्या चौक्यांकडे आणि रॉम्युलन या शत्रूवंशाच्या शेवटच्या प्रवेशाकडे.

दुसऱ्या सीझनमधले तीन. 'अ मॅटर ऑफ ऑनर'मध्ये जहाजाचा उपकप्तान रायकर अधिकाऱ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत क्लिंगन जहाजावर जातो. 'द मेझर ऑफ अ मॅन'मध्ये डेटा हा यंत्रमानव अधिकारी व्यक्ती की मालमत्ता, असा खटला चालतो. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पेशाने वकील होत्या आणि ते संवादांच्या धारेत जाणवतं. ब्लू-रेवर या भागाची लांब आवृत्तीही आहे, ती दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. आणि 'क्यू हू', जिथे बोर्ग हे अर्धयंत्र शत्रू पहिल्यांदा दिसतात.

बाकी दुसरा सीझन का वगळायचा, हे एका आकड्यात कळतं: २२ भाग. १९८८ चा लेखकांचा संप मार्च ते ऑगस्ट चालला, सीझन तोकडा झाला आणि कपाटातल्या जुन्या संहिता बाहेर निघाल्या. पहिलाच भाग 'द चाइल्ड' हा सत्तरच्या दशकात आखलेल्या, पण कधीच न बनलेल्या 'स्टार ट्रेक: फेज टू' या मालिकेसाठी लिहिलेला होता. त्या मूळ संहितेत गर्भवती होते ती इलिया. याच भूमिकेसाठी मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांची निवड झाली होती आणि पुढे १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात त्यांनी ती डोक्याचं मुंडण करून साकारली. 'फेज टू'मधल्या डेकर आणि इलिया या जोडीवरूनच पुढे रायकर आणि जहाजाची समुपदेशक ट्रॉय घडले, म्हणून संहितेत नाव बदलून काम भागलं. हा इतिहास भागापेक्षा रंजक आहे. सीझनचा शेवट 'शेड्स ऑफ ग्रे', म्हणजे रायकर बेशुद्ध आणि जुन्या भागांचे तुकडे. खर्च आटोक्यात आणण्यासाठी केलेला हा भाग दाखवून कुणाला मालिकेची गोडी लावता येणार नाही.

मालिका सुधारली की इंग्रजी चाहते 'दाढी फुटली' म्हणतात, ते रायकरच्या दाढीवरून. पण ती दाढी दुसऱ्या सीझनमध्येच आली होती. खरा बदल त्यानंतर वर्षाने, १९८९ च्या सप्टेंबरात दिसला.

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग लावलात की तीन गोष्टी लगेच तपासा. शीर्षकदृश्य नवं आहे, आधीच्या दोन सीझनचं नाही. पहिल्या सीझननंतर गेलेल्या डॉ. क्रशर परत आल्या आहेत. आणि कप्तान पिकार्डचा गणवेश बदलला आहे. आधीचा एकसंध, ताणलेला स्पँडेक्स होता आणि त्याने कलाकारांच्या पाठी दुखायच्या. रॉबर्ट ब्लॅकमन यांनी लोकरी कापडाचा, कॉलरचा, दोन तुकड्यांचा गणवेश दिला. बसता-उठता जॅकेट वर सरकतं आणि पिकार्ड झालेले पॅट्रिक स्टुअर्ट ते खाली ओढतात. त्या झटक्याला चाहत्यांनी 'पिकार्ड मनूव्हर' असं नाव दिलं. प्रकाशही बदललेला दिसेल, कारण छायाचित्रकार आता मार्विन रश आहेत. चेहऱ्यांवर सावली पडायला लागली, हा फरक 'क्यू हू' आदल्याच दिवशी पाहिलेल्याला चटकन कळतो.

तरी मूळ फरक कागदावरचा आहे. सीझन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लेखनाची सूत्रं मायकेल पिलर यांच्याकडे आली. गोष्ट परग्रहावरच्या अडचणीची नसावी, जहाजावरच्या माणसाची असावी, हा त्यांचा आग्रह. दुसरं म्हणजे त्यांनी बाहेरून आपणहून आलेल्या संहिता वाचायला घेतल्या. रोनल्ड डी. मूर हे नाव तिथूनच आलं. त्यांची 'द बाँडिंग' ही अशी आलेली संहिता. त्यात आई गमावलेला मुलगा आहे. चोविसाव्या शतकातली माणसं मृत्यू सहज स्वीकारतात, मूल शोक करणार नाही, असा रॉडनबेरी यांचा आक्षेप होता. पिलर यांनी नियम मोडला नाही, उलटा वापरला: मूल रडत नाही, आणि हेच सगळ्यांना खटकतं. हा भाग बघताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुधारणा कशाला म्हणतात ते त्या पाऊण तासात सापडेल.

पहिल्या फेरीत २६ पैकी बारा भाग पुरे, प्रसारणाच्याच क्रमाने: 'द सर्व्हायव्हर्स', 'हू वॉचेस द वॉचर्स', 'द बाँडिंग', 'द एनिमी', 'द डिफेक्टर', 'देजा क्यू', 'यस्टरडेज एंटरप्राइझ', 'द ऑफस्प्रिंग', 'सिन्स ऑफ द फादर', 'हॉलो पर्स्यूट्स', 'सारेक', 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'. दिवसाला दोनपेक्षा जास्त नकोत. हे भाग आठवड्याला एक या हिशेबाने लिहिलेत. सलग चार पाहिले की शेवटच्या पाच मिनिटांतली सोडवणूक एकसारखी वाटू लागते.

'द एनिमी'मध्ये वर्फला एक विनंती केली जाते. तिथे क्षणभर थांबवा आणि पहिल्या सीझनच्या चालीने तो काय करेल ते ठरवा. मग पुढे चला. 'द डिफेक्टर'च्या सुरुवातीच्या शेक्सपिअरच्या प्रवेशात मायकेल विल्यम्स हा शिपाई कोण रंगवतोय, ते ओळखून बघा. 'यस्टरडेज एंटरप्राइझ' लावण्याआधी 'स्किन ऑफ ईव्हिल' पाहिला नसेल तर थांबा. अर्धा परिणाम तिथेच जातो, आणि कलाकारांची यादीही आधी उघडू नका. 'द ऑफस्प्रिंग' डेटाच्या खटल्याशिवाय नुसता गोड वाटतो, खटल्यानंतर तो बोचतो. रायकर झालेल्या जोनाथन फ्रेक्स यांचं हे पहिलं दिग्दर्शन. 'सिन्स ऑफ द फादर'मध्ये एक क्लिंगन अधिकारी अदलाबदलीवर एंटरप्राइझवर येतो, म्हणून 'अ मॅटर ऑफ ऑनर' लागतो. 'सारेक'च्या आधी हौस असेल तर मूळ मालिकेतला १९६७ चा 'जर्नी टू बेबल' बघा, सारेक हे पात्र पहिल्यांदा तिथेच येतं; नसला तरी अडत नाही.

वगळलेल्यांतले 'द प्राइस' आणि 'मेनाज आ ट्रॉय' दुसऱ्या फेरीतही राहिले तरी हरकत नाही. हा सीझनही निर्दोष नाही, आणि सोबत बघणाऱ्या मित्राला तसं आधी सांगितलेलं बरं. 'द हाय ग्राउंड' हा भाग म्हणून मध्यम आहे, पण २०२४ मध्ये आयर्लंड एक झाल्याचा उल्लेख डेटाच्या तोंडी असल्यामुळे बीबीसीने तो कित्येक वर्षं दाखवला नव्हता.

शेवटची खबरदारी सगळ्यात महत्त्वाची. 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' लावण्याआधी ऑटोप्ले बंद करा. पहिला भाग १८ जून १९९० ला प्रसारित झाला, दुसरा २४ सप्टेंबरला. मधले चौदा आठवडे प्रेक्षक लटकलेले होते. पिलर यांनी पहिला भाग लिहिला तेव्हा पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि आपण मालिकेत राहणार की नाही हेही ठरलं नव्हतं. रायकरची स्वतःच्या बढतीबद्दलची घालमेल त्यातूनच आली. रायकरचं शेवटचं वाक्य आणि रॉन जोन्स यांचं संगीत संपताच दहा सेकंदांत उत्तर मिळालं, तर त्या वाक्याचं वजन उरत नाही. चौदा आठवडे नकोत, पण निदान एक आठवडा मध्ये जाऊ द्या. तेवढ्यात सोबतचं माणूस गुपचूप पुढचा भाग बघून टाकतं, म्हणून रिमोट कुणाकडे आहे ते बघा.

दुसरा भाग चौथ्या सीझनमध्ये आहे. तो संपल्यावर तिथेच न थांबता लगेच पुढचा 'फॅमिली' लावा. त्यात लढाई नाही, परग्रह नाही, संपूर्ण भागात एंटरप्राइझचा ब्रिज एकदाही दिसत नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या घरी जातो आणि भावाशी भांडतो.